दैव पाचवं असतं, महाराज

वऱ्हाडातल्या कीर्तनकार-प्रवचनकारांना खुले पत्र

हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलढाणा

प्रति,
वऱ्हाडातील समस्त कीर्तनकार व प्रवचनकार महाराज मंडळी,



आपण आमच्या गावांत सप्ताहाला येता, काल्याचं कीर्तन करता, जयंत्या-पुण्यतिथ्यांना येता. आणि घरातलं माणूस गेलं की तेरवीलाही आपल्यालाच बोलावणं असतं. हे पत्र त्या तेरवीच्या कीर्तनाबद्दल आहे.

तेरवीचा मांडव आपण माझ्यापेक्षा अधिक पाहिले आहेत. मागे टाळकरी, एका बाजूला मृदंगमणी, मध्ये विणेकरी. समोर भावकी, सोयरे, गावकरी. आणि बायांच्या घोळक्यात डोक्यावर पदर ओढून बसलेली त्या घरातली बाई. तेरा दिवसांत तिला शेकडो माणसं भेटून गेलेली असतात. कोण काय बोललं, हे तिच्या ध्यानात राहत नाही. मात्र महाराज व्यासपीठावरून काय बोलले, ते राहतं. वर्षश्राद्धाला ती तेच बोलते, पोरं मोठी झाली की त्यांना तेच सांगते. आपल्या शब्दाला एवढं वजन आहे, म्हणून हे लिहायचं धाडस करतो.

माझी विनंती एका वाक्याची आहे. अपघातात गेलेल्या, कर्जापायी गळफास घेतलेल्या, उपचार वेळेवर न मिळाल्यानं गेलेल्या माणसाच्या तेरवीला ‘देवाचीच इच्छा होती’, ‘प्रारब्धाचा भोग होता’, ‘मागच्या जन्मीचं देणं फिटलं’ असं सांगून कीर्तन आटोपतं घेऊ नका.

मी देव मानणारा माणूस आहे. वारकरी घरात वाढलो, गळ्यात माळ आहे. देवाची इच्छा म्हणून काही असतं, यावर माझा विश्वास आहे. प्रश्न इतकाच आहे की ती ओळखायची कशी, आणि ती कुणी, कुणाला, केव्हा सांगायची. माझं म्हणणं असं की दुःखाच्या वेळी देवाची इच्छा मागं वळून कारण म्हणून शोधायची नसते. ती पुढं पाहून, आता आपल्याकडून काय व्हायला हवं, या रूपात शोधायची असते. आणि हे मी बाहेरून आणलेलं नाही. आपल्याच ग्रंथांत आणि आपल्याच संतांच्या चरित्रांत ते आहे.

आधी ग्रंथाचंच पाहू. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी साधनं, वेगवेगळे व्यापार आणि पाचवं दैव. माणूस शरीरानं, वाचेनं, मनानं जे काही करतो, ते न्यायाचं असो की अन्यायाचं, त्यामागं ही पाच कारणं असतात, असं तिथं सांगितलं आहे. माउलींनी ज्ञानेश्वरीत देहाला अधिष्ठान म्हणत ही कारणं एकेक करून उलगडून दाखवली आहेत. पाचव्याचा नेमका अर्थ काय, यावर टीकाकारांत भेद आहेत, हे आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता. क्रमाबद्दल मात्र वाद नाही. प्रत्यक्ष भगवंतांनी दैव पाचव्या जागी ठेवलं. आपण तेरवीच्या मांडवात पहिल्या चारांना वगळून थेट पाचव्यावर जातो.

मी शास्त्री नाही. साध्या माणसाच्या रीतीनं ही मोजणी आपल्या भागातल्या एका घटनेला लावून पाहतो. 1 जुलै 2023. मध्यरात्र उलटून गेलेली. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि 25 माणसं आतल्या आत जळाली. काही जण कसेबसे बाहेर पडून वाचले. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले, कारण कोणता देह कुणाचा, हे ओळखता येईना. बहुतेक माणसं विदर्भातली होती. त्या दिवशी आणि पुढं कित्येक दिवस आपल्याकडं एकच वाक्य ऐकू येत होतं: त्यांचा काळच आला होता.

काळ आला होता हे खरं धरलं, तरी आधीच्या चारांचं काय? गाडी कशी बांधलेली होती? चालवणारा कोणत्या अवस्थेत होता? उलटलेल्या बसमधून बाहेर पडायला वाट कुठं होती? रात्रीच्या प्रवासात वेग किती ठेवायचा आणि विश्रांती किती द्यायची, हे ठरवायचं काम कुणाचं? ही सगळी माणसांच्या हातातली कारणं आहेत. त्यांची उत्तरं शोधायची, दोषींना जाब विचारायचा आणि पुढची बस वाचवायची, हेही धर्माचंच काम आहे. ‘काळ आला होता’ म्हटलं की हे काम कुणाच्याच अंगावर उरत नाही. गेलेली माणसं तर गेलीच, आणि त्यांच्या जाण्यातून जे शिकायचं होतं तेही गेलं.

आता कास्तकाराकडं येतो, कारण आपल्या पट्ट्यातल्या तेरव्यांत हे दुःख फार वेळा समोर येतं. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांची ओळख गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शेतकरी आत्महत्यांनी झाली. 2006 च्या 1 जुलैला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्याच्या आधी, 2005 च्या डिसेंबरात, राज्य सरकारनं आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपये द्यायचं ठरवलं: तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. ती मदत मिळायची, तर प्रकरण पात्र ठरावं लागतं. पात्र कशावर ठरतं? नापिकी होती का, बँकेचं किंवा सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलं होतं का, आणि वसुलीचा तगादा होता का, यावर.

महाराज, सरकारी कागद रुक्ष असतो, असं आपण म्हणतो. त्या कागदाच्या अपुरेपणाबद्दल माझ्याही तक्रारी आहेत. शेत नावावर नाही म्हणून, कर्ज खासगी होतं म्हणून कितीतरी घरं अपात्र ठरतात. पण निदान त्या कागदाला ठाऊक आहे की या मरणाला कारणं आहेत आणि ती इथली आहेत, या जन्मातली आहेत. सोयाबीनला 2024-25 च्या हंगामासाठी हमीभाव 4,892 रुपये क्विंटल जाहीर झाला, आणि शेतमाल घरात आला तेव्हा बाजार त्याच्या कितीतरी खाली होता. ही तफावत कुणाच्या गतजन्मीच्या पापातून आलेली नाही. ती आयात, तेलाचे भाव, खरेदी केंद्रांचा उशीर आणि ओलाव्याच्या अटी यांतून आली आहे. वावरात राबणाऱ्या माणसाला हे समजतं. तेरवीच्या मांडवात मात्र त्याला सांगितलं जातं की हे त्याच्या प्रारब्धात होतं.

त्या सांगण्याचा घरच्या बाईवर काय परिणाम होतो, याचा आपण विचार करावा. नवरा गेला, हे एक दुःख. तो पाप करून आला होता किंवा तिच्याच पायगुणानं गेला, हे दुसरं. पहिलं दुःख नशिबी आलं म्हणा, दुसरं आपण दिलेलं असतं. आत्महत्या हे महापाप आणि अशा जिवाला गती नाही, असंही काही ठिकाणी सांगितलं जातं. समोर दहा-बारा वर्षांचा मुलगा बसलेला असतो. त्याला त्या दिवसापासून बाप गेल्याच्या दुःखाबरोबर बापाची लाजही वागवावी लागते.

आता या हिवऱ्याच्या आश्रमाबद्दल. इथं राहून मी हे का लिहितो आहे, तेही सांगतो. शुकदास महाराजांनी गेल्या शतकाच्या साठच्या दशकात ही संस्था उभी केली आणि तिला नाव दिलं स्वामी विवेकानंदांचं. पुढं शाळा, कृषी महाविद्यालय, रुग्णसेवा असा पसारा वाढत गेला. 2017 मध्ये महाराज गेले, तरी विवेकानंद जयंतीचा उत्सव थांबलेला नाही. पौष वद्य सप्तमीच्या सुमाराला इथं लाखांनी लोक येतात. जेवणाच्या पंगती एवढ्या लांब बसतात की पुरी-भाजी ट्रॅक्टरमधून वाढत न्यावी लागते. आपल्यातले अनेक जण त्या उत्सवात कीर्तनाला, प्रवचनाला येऊन गेले आहेत. ज्या विवेकानंदांच्या नावानं ती पंगत बसते, ते या प्रश्नावर काय म्हणाले, हे तिथल्या व्यासपीठावरून सांगितलं गेलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

1897 चा फेब्रुवारी महिना. विवेकानंद अमेरिका-युरोपातून परतून कलकत्त्याला आले होते. मध्य भारतात दुष्काळानं माणसं मरत होती. गोरक्षणासाठी वर्गणी गोळा करणारा एक प्रचारक त्यांना भेटायला आला. स्वामीजींनी त्याला विचारलं की या दुष्काळात नऊ लाख माणसं दगावल्याची यादी सरकारनं काढली आहे, तुमची सभा त्यांच्यासाठी काय करते? त्यानं सांगितलं, आमचं काम गायींपुरतं आहे. आणि दुष्काळ तर लोकांच्या कर्मानं, त्यांच्या पापानं आला आहे. स्वामीजी संतापले. माणसं आपल्या कर्मानं मरतात म्हणून त्यांना मरू द्यायचं असेल, तर मग गायीही आपल्याच कर्मानं कसायाच्या हाती पडतात, त्यांच्यासाठी धडपड कशाला, असा त्यांचा रोख होता. शरच्चंद्र चक्रवर्ती या शिष्यानं हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

स्वामीजींनी कर्माचा सिद्धांत नाकारला नाही. ते वेदान्ती होते. त्यांचा राग होता तो या सिद्धांताचा उपयोग दुसऱ्याच्या दुःखाकडं पाठ फिरवण्यासाठी करण्यावर. त्याच वर्षाच्या 1 मे रोजी त्यांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली आणि त्याच महिन्यात त्यांचे गुरुबंधू अखंडानंद मुर्शिदाबाद जिल्ह्यात दुष्काळग्रस्तांच्या सेवेला लागले. पुढच्या वर्षी कलकत्त्यात प्लेगची भीती पसरली, तेव्हा सेवेला पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न निघाला. गरज पडली तर मठासाठी नुकतीच घेतलेली जमीन विकू, असं स्वामीजींचं उत्तर होतं. 1899 च्या प्लेगात भगिनी निवेदिता कलकत्त्याच्या गल्ल्या साफ करायला उतरल्या. त्यांच्यापैकी कुणी प्लेग हा देवाच्या इच्छेनं आला, असं सांगत फिरलं नाही. देवाची इच्छा काय, ते त्यांनी आपल्या हातांनी सांगितलं.

आणि महाराष्ट्राला यासाठी कलकत्त्यापर्यंत जायची गरजही नाही. त्या फेब्रुवारीनंतर लगेच, 10 मार्च 1897 रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांना लागण झाली. मुलगा यशवंत डॉक्टर, तो रोग्यांवर उपचार करत होता, आणि सावित्रीबाई रोग्यांना त्याच्यापर्यंत पोचवत होत्या. विवेकानंद वेदान्ती, सावित्रीबाई सत्यशोधक. त्यांच्या विचारांत अंतर मोठं होतं. साथीच्या वर्षात मात्र दोघांची पावलं रोग्याच्या दिशेनंच गेली.

आपल्या गाथ्यातही हेच आहे. तुकोबांच्या ऐन तारुण्यात, 1629 नंतर जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको अन्नान्न करत गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. यातली बायकोची आणि व्यापाराची हकिगत त्यांनी स्वतः एका अभंगात सांगितली आहे आणि तिथं त्यांनी देवाच्या इच्छेचा आडोसा घेतलेला नाही. लाज वाटली, दुःख झालं, असंच सांगितलं आहे. पुढं तुकोबांनी काय केलं? मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं. आणि परंपरा सांगते की लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या खतांमधला आपल्या वाट्याचा हिस्सा त्यांनी इंद्रायणीत बुडवला. धाकटा भाऊ कान्होबा याचा हिस्सा त्याला दिला, आपला बुडवला. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाला देवाची इच्छा कळली, ती कर्जमुक्तीच्या रूपात. तेरवीच्या कीर्तनात हा प्रसंग आपण सांगितला तर कर्जापायी गेलेल्या कास्तकाराच्या घरात तो केवढ्या ओळखीचा वाटेल!

आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं आणखी एक घर आहे. चोखोबांचा जन्म देऊळगावराजा तालुक्यातल्या मेहुणाराजा इथला, असं परंपरेनं मानलं जातं. हिवऱ्यापासून ते गाव फार लांब नाही. त्या एकाच घरात दुःखाची दोन उत्तरं सापडतात. हीन जातीत जन्म आला, तो मागच्या कर्मानं, असा सूर चोखोबांच्या काही अभंगांत आहे. त्यांचाच मुलगा कर्ममेळा मात्र देवाला सरळ जाब विचारतो, आम्हाला हा जन्म का दिला, म्हणून रोखठोक बोलतो. त्याची आई सोयराबाई देहाच्या विटाळावरून प्रश्न विचारतात. आपल्या परंपरेनं बापाचे अभंग ठेवले आणि मुलाचेही ठेवले. दुःखिताला देवाशी भांडायचा हक्क आहे, हे वारकरी संप्रदायानं साडेसहाशे वर्षांपूर्वीच मान्य केलं. जनाबाईंनी तर विठ्ठलाला शिव्याही घातल्या, त्या गाथ्यात तशाच आहेत.

आणि चोखोबांचं मरण आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजूर तिच्याखाली गाडले गेले, त्यांत चोखोबा होते. साल 1338. बातमी पंढरपूरला गेली. नामदेवांनी देवाची इच्छा सांगायला कीर्तन लावलं नाही. ते मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी वेचल्या आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ज्याला जिवंतपणी देवळात जाऊ दिलं नाही, त्याला देवाच्या दारात जागा दिली. वेठीच्या, मजुरीच्या कामात मेलेल्या मजुराच्या वाट्याला आलेला हा सन्मान, हेच नामदेवांचं त्या प्रसंगीचं निरूपण.

कुणी म्हणेल, दुःखी माणसाला ‘देवाची इच्छा’ या दोन शब्दांनीच धीर येतो, तो कशाला काढून घ्यायचा? या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते टाळणार नाही. किती तरी आया-बाया ‘त्याच्या मनात होतं’ एवढं म्हणून उठतात, चूल पेटवतात, वावरात जातात. त्यांच्या तोंडी हे वाक्य शोभतं, कारण ते त्यांनी आपल्या दुःखातून कमावलेलं असतं. त्यात देवावर टाकलेला भार असतो. तेच वाक्य व्यासपीठावरून, ज्याचं काही गेलेलं नाही त्याच्या तोंडून आलं, की ते निवाड्यासारखं ऐकू येतं. ती बाई स्वतः म्हणाली, तर आपण मान डोलवावी. आपण तिच्या वतीनं म्हणू नये.

काही दुःखं अशीही असतात की तिथं पहिली चार कारणं शोधूनही हाती काही लागत नाही. तीन वर्षांचं लेकरू रक्ताच्या कर्करोगानं जातं. आईनं काही चुकवलेलं नसतं, डॉक्टरांनी सगळं केलेलं असतं. अशा वेळी कोणत्याही शास्त्राकडं त्या आईला पुरेल असं उत्तर नसतं, आणि उत्तर आहे असा आव आणण्यापेक्षा ‘माय, मलाही कळत नाही’ एवढं महाराजांनी म्हणणं अधिक धर्माला धरून होईल. त्यानं आपला मान कमी होणार नाही. आपल्याही जवळ उत्तर नाही आणि तरी आपण तिच्या दारी आलात, यातच तिला आधार मिळेल.

आपल्याच वऱ्हाडातले गाडगेबाबा कीर्तनकारच होते. 1923 मध्ये कोकणात खारेपाटणला त्यांचं कीर्तन चालू असताना एकुलत्या एका मुलाच्या, गोविंदाच्या, मृत्यूची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. हा प्रसंग आपण वैराग्याचा दाखला म्हणून नेहमी सांगता. त्याच्या पुढचाही भाग सांगावा. परक्यांच्या लेकरांसाठी, परगावहून उपचाराला येणाऱ्या रोग्यांसाठी बाबांनी मुंबईत धर्मशाळा उभ्या केल्या. दादरला त्यांच्या नावानं असलेल्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. आपल्या विदर्भातली कितीतरी माणसं तिथं टेकली आहेत. स्वतःच्या दुःखाबद्दल बाबा कठोर होते, दुसऱ्याच्या दुःखाबद्दल कमालीचे मऊ. आपण तेरवीच्या मांडवात नेमकं उलट करतो. आणि बाबा आयुष्यभर सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका, देवकार्य करू नका. कर्जापायी गेलेल्या माणसाच्या तेरवीला पुन्हा कर्ज काढून गावजेवण घातलं जातं, तेव्हा ते थांबवायचा अधिकार भावकीपेक्षा आपला मोठा आहे. आपण एक शब्द टाकलात, तर पंगत साधी होईल आणि घरच्या बाईवर नवं देणं चढणार नाही.

म्हणून काही गोष्टी मागतो. त्या करायला पैसा लागत नाही, आपला शब्द लागतो.

कीर्तनाला उभं राहण्याआधी घरच्यांशी पाच मिनिटं बोलावं. माणूस कसा गेला, मागं कोण आहे, देणं किती, हे विचारावं. निरूपणाचा अभंग त्यावर ठरवावा.

आत्महत्या झालेल्या घरी पापाची आणि अधोगतीची भाषा पूर्ण टाळावी. गेलेल्या माणसाचं बरं सांगावं. त्यानं कसं वावर कसलं, पोरांना कसं शिकवलं, ते गावाला आठवून द्यावं. मुलाला बापाबद्दल ताठ मानेनं बोलता आलं पाहिजे.

मांडवात जमलेल्या माणसांसमोर कामं वाटून द्यावीत. तहसीलच्या मदतीचे कागद कोण करून देणार, सोसायटीत आणि बँकेत बाईबरोबर कोण जाणार, या हंगामात पेरणी कोण करून देणार, मुलीची फी कोण भरणार. महाराजांनी विचारलं आणि भर मांडवात कुणी हात वर केला, की तो माणूस मागं फिरत नाही. आपल्याशिवाय ही ताकद गावात कुणाकडं नाही.

आणि त्याच मांडवात अजून एखादा माणूस त्याच वाटेवर असू शकतो. तो शेवटच्या रांगेत गप्प बसलेला असतो. त्याच्यासाठी कीर्तनाच्या शेवटी दोन वाक्यं बोलावीत: मन खचलं, झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर सांगायला लाज नाही; सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. आपल्या भागात 2015 पासून ‘प्रेरणा’ प्रकल्प शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचं काम करतो, गावची आशाताई त्याच्याशी जोडलेली आहे. 14416 हा क्रमांक तिनं सांगितला तर दहा जण ऐकतील. आपण सांगितलात तर सगळा मांडव ऐकेल, आणि त्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळेल की मदत मागणं भक्तीच्या विरुद्ध नाही.

माझं म्हणणं पुढं नेऊन आपण मला विचाराल की मग देवाची इच्छा ओळखायची खूण काय? मला संतांच्या वागण्यातून जी खूण दिसते, ती अशी: जे वाक्य उच्चारल्यावर दुःखी माणसाच्या घरी जायची आपली पावलं अडतात, ती देवाची इच्छा नसते. जे उच्चारल्यावर आपण उठतो, खतं बुडवतो, अस्थी वेचतो, मठाची जमीन विकायला काढतो, तिथं ती असण्याची शक्यता मोठी. देवानं हे दुःख का दिलं, हे कदाचित कुणालाच कळणार नाही. या दुःखापुढं देव आपल्याकडून काय मागतो, हे मात्र दर वेळी कळतं. तुकोबांना कळलं, नामदेवांना कळलं, सावित्रीबाईंना कळलं.

येत्या सप्तमीला हिवऱ्याला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात आपण याल. लाखांचा समाज समोर असेल. त्या व्यासपीठावरून आपल्यापैकी एकानं जरी जाहीर केलं की यापुढं मी अपघाताच्या आणि आत्महत्येच्या घरी प्रारब्ध सांगणार नाही, मदतीची माणसं उभी करीन, तर वऱ्हाडातले शेकडो कीर्तनकार त्यांच्यामागं जातील, याची मला खात्री आहे. तो एक निर्णय आपल्या हाती आहे, आणि तो आपण घ्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
हिवरा आश्रम येथील एक श्रोता